बंदुकीच्या दारूचं प्रमाण

ज्या बंदुकीला मी कधी हात लावला नाही, तिच्याच गोष्टी माझ्याकडे सगळ्यांत जास्त जमल्यात. जेद्दात कुणाकडे जेवायला गेलो, की वरणभाताच्या आधी एक आणि नंतर एक सांगावीच लागते. एक सांगत असताना तिच्यामागून दुसरी डोकं काढते.

बंदूक अबू फहदची. जेद्दाजवळ राबिघला आम्ही एकाच तेलकंपनीत. तो शिफ्ट सुपरवायझर आणि मी लॅबमधला केमिस्ट. तो मूळचा डोंगरातल्या ताइफचा. त्याच्या आजोबांची जुनी रायफल होती, एका वेळी एकच गोळी घेणारी. रीतसर लायसन्स काढून तो ती क्लबात नेमबाजीसाठी वापरायचा. एक दिवस लॅबमध्ये येऊन त्यानं मला विचारलं, पहिल्या दोन-तीन गोळ्या नीट जातात आणि पुढच्या भरकटतात, असं का?

कारण काजळी. जुन्या बंदुकीला जुन्या पद्धतीची काळी दारू लागते आणि ती जळाली की नळीत राख साचते. हे मी सांगितलं खरं, पण पुढचं मलाच कळेना. ही राख किती, कसली, कमी कशी करायची? रोज तेच ते नमुने तपासून माझं डोकं गंजत चाललं होतं. पुढच्या शुक्रवारी मी क्लबात हजर होतो.

मग तेच आमचं शुक्रवारचं काम झालं. तो दारू किंचित कमी-जास्त करून गोळ्या झाडायचा आणि मी मागे खुर्ची टाकून दुर्बिणीतून लक्ष्याच्या कागदावरची भोकं बघायचो. भोकं एकमेकांच्या जवळ आली की प्रमाण बरोबर, पांगली की पुन्हा पहिल्यापासून.

*

गोळीला वंगण लागतं. आम्ही दोघं पेट्रोलियमवाले, म्हणून उत्तमातलं उत्तम ग्रीस आणलं. नळीत नुसतं डांबर झालं. दोन माणसांना ओढूनही साफ करायचा गज बाहेर येईना. खनिज तेलाचं या दारूशी जमत नाही, तिला मेण आणि चरबीच लागते, हे आम्हाला त्या दिवशी कळलं.

अबू फहद गज ओढता ओढता म्हणाला, "हे कंपनीत कुणाला सांगू नकोस."

*

मग मेण आलं ताइफच्या मधवाल्याकडून. चरबीच्या ऐवजी मी घरातलं तूप घालून पाहिलं. पहिल्याच दिवशी भोकं मुठीएवढ्या जागेत आली आणि क्लबभर शिऱ्याचा वास सुटला. शेजारचा नेमबाज दोनदा येऊन विचारून गेला, जेवण कधी आहे.

घरी मंजिरीनं, म्हणजे माझ्या बायकोनं, तुपाची बरणी उघडली. तळाशी चमचाभर उरलं होतं. मी खरं ते सांगितलं. तिनं बरणी उलटी करून पाहिली. मग एवढंच म्हणाली, "नेम तरी लागला ना?"

*

गणपतीत मराठी मंडळी एका व्हिलावर जमली होती. आरती झाल्यावर मी कोपऱ्यात उभा राहून चिपळूणला भावाशी फोनवर बोलत होतो. त्याला सांगत होतो, की सध्या दारूचं प्रमाण बसवतोय. जास्त झाली की सगळं भरकटतं आणि कमी केली की जरा नेम लागतो. दर शुक्रवारी असतंच.

फोन ठेवला तर मागे रियाधहून आलेले एक बँकवाले गृहस्थ उभे. सगळ्या सौदीत ज्या शब्दाला लोक घाबरतात, तो मी मोदकांच्या ताटाशेजारी उभा राहून मोठ्यानं बोललो होतो. माझी गाळण उडाली. मी खुलासा करणार, तोच त्यांनी मला हाताला धरून बाजूला नेलं आणि खालच्या आवाजात विचारलं, "कुठं मिळते?"

*

समुद्रकाठच्या दमट हवेत राख मऊ राहते. हवा कोरडी असली की तिचा दगड होतो. त्यावर जुना उपाय असा, की गोळी झाडल्यावर बंदूक उघडायची आणि मागच्या बाजूनं एका नळीतून फुंकर मारायची. श्वासाच्या ओलाव्यानं राख मऊ पडते.

रमजानात अबू फहदचा रोजा. दुपारनंतर त्याच्या श्वासाला ओलावा कुठला? तेव्हा ते काम माझ्याकडे आलं. मी गाडीत बसून, कुणाला दिसणार नाही असं पाणी पिऊन यायचो आणि फुंकायचो.

पुढे ताइफला जाताना घाटाखाली पोलिसांनी गाडी अडवली. बंदुकीचे कागद बरोबर होते, पण शिपायाला माझा प्रश्न पडला. हा हिंदी माणूस सोबत कशाला? अबू फहदनं शांतपणे सांगितलं, "हा फुंकर मारतो."

शिपायानं माझा इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, परत दिला, इकडंतिकडं पाहिलं आणि मला विचारलं, "गुडघेदुखीवर चालते का?"

*

ताइफच्या त्या खेपेला मात्र हसण्यासारखं काही नव्हतं. अबू फहदच्या वडिलांनी निरोप पाठवला होता, की बंदूक मारायला असते. हिचा नेम लागत नसेल, तर थोरला भाऊ सालेह याच्या दिवाणखान्यात भिंतीवर टांगू, निदान पाहुणे तरी बघतील. सालेहनं भिंतीसाठी पितळी खिळेसुद्धा आणून ठेवले होते. ठरलं असं, की वडिलांसमोर पाच गोळ्या मारायच्या.

किनाऱ्यावर बसवलेलं प्रमाण डोंगरातल्या कोरड्या हवेत पार बिघडलं. आदल्या दिवशी आम्ही संध्याकाळपर्यंत ते पुन्हा बसवत होतो. दारू बदलली, मेण कमी केलं, तूप वाढवलं. अबू फहद जेवलाही नाही. आजोबांनी ही बंदूक आपल्याला खांद्यावर घ्यायला शिकवली, सालेहला नाही, एवढंच तो मला एकदा म्हणाला.

सकाळी तिथल्या नेमबाजी क्लबात चार गोळ्या नाण्याएवढ्या जागेत बसल्या. पाचवी सुटली, धूर गेला, मी दुर्बिणीला डोळा लावला. भोकं चारच. पुन्हा पाहिलं. चारच.

सालेह म्हणाला, गेली डोंगरात. क्लबाचा माणूस म्हणाला, त्याच भोकातून गेली असेल, सांगता येत नाही. मला विचारलं, तर मीही हेच म्हणालो, सांगता येत नाही. अबू फहदनं बंदूक उघडून खाली ठेवली होती आणि तो कुणाकडेच बघत नव्हता.

वडील उठले. काठी टेकत, क्लबाच्या माणसाचा हात धरून लक्ष्यापर्यंत गेले. कागद अगदी नाकाशी धरून बराच वेळ उभे राहिले. मग परत आले आणि सालेहला म्हणाले, "खिळे परत करून टाक. दोन गोळ्या एका भोकातून गेल्यात. मी पाहिलं."

सालेह गाडी आणायला गेला. अबू फहद बंदूक पुसायला बसला.

मी वडिलांसाठी चहा ओतला आणि कप पुढे केला. त्यांनी हसून हात पुढे केला, तो कपाच्या चांगला वीतभर बाजूला.

मी कप सरकवून त्यांच्या बोटांपाशी नेला.