गळ्याखालचं गोंदण

छातीतल्या गाठीवर कोबाल्टची किरणं द्यायची, तर यंत्राचा नेम रोज त्याच जागी बसायला हवा. म्हणून डॉक्टरांनी सुईनं काळी शाई टोचून माझ्या अंगावर ठिपके करून ठेवले होते. बाकीचे ब्लाउजखाली झाकले जात. एक मात्र गळ्याच्या खळगीत, अगदी दर्शनी जागी. उपचार संपले, घशाची आग थांबली, घास गिळता यायला लागला. शाई कातडीत मुरून हिरवट झाली आणि राहिली.

मी इतकी थकलेली असे की त्याचंही काही वाटत नव्हतं. कलकत्त्यात बेहाला भागातल्या आमच्या घरातून कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत गेले, तरी येताना कुणाच्या तरी ओट्यावर टेकावं लागे. वीज गेली की पंखा बंद, आणि पंख्याबरोबर मीही. 'संपलं ते आता,' असं हे म्हणायचे. यांची बँकेची बदली म्हणून आम्ही या शहरात आलेलो. दुखण्याचं खरं नाव इथं कुणाला सांगितलं नव्हतं, आणि घरातही आम्ही ते घेत नव्हतो.

चैत्रात मराठी बायकांचं हळदीकुंकू होतं. गेले, कारण न येण्याची कारणं सांगण्यात जास्त दमले असते. यजमानीणबाई तीन पिढ्या कलकत्त्यात मुरलेल्या घरातल्या, वयानं माझ्या आईएवढ्या. हळद लावता लावता त्यांचं बोट थांबलं.

"अगंबाई, गोंदवून घेतलंस? आजकालच्या मुली नाकं मुरडतात. चांगलं केलंस हो! दागिने शेवटी काढूनच घेतात, गोंदण तेवढं बाईबरोबर जातं."

झालं. सगळ्यांनी माना पुढे काढून बघून घेतलं. एकीनं तर कुठं गोंदवून मिळालं म्हणून विचारलं. "इथंच," मी म्हणाले. खोटं नव्हतं ते.

आंब्याची डाळ तशीच वाटीत ठेवून मी उठले. त्या माउलीनं कौतुकच केलं होतं, पण मी मनातून हादरले. त्या यंत्राच्या खोलीतलं काही म्हणजे काही मला बरोबर न्यायचं नव्हतं. घरी आल्या आल्या यांना सांगितलं, हा ठिपका काढून टाकायचा.

"उगाच कशाला? कोण बघतंय?"

"मी बघते," मी म्हणाले.

डॉक्टर बंगाली, समजूतदार. तेवढी कातडी कापून टाके घालता येतील म्हणाले, पण किरणं लागलेली कातडी लवकर भरून येत नाही, धीर धरावा लागेल. धीराशिवाय माझ्याकडे दुसरं उरलं होतं काय! कापून घेतलं.

जखम खरंच भरेना. टाके निघाले तरी ओली राहायची. पावसाळ्याच्या दमट हवेत पट्टी चिकटून बसे, आणि हे रोज ऑफिसला निघण्याआधी ती भिजवून, हलक्या हातानं सोडवून, नवी बांधून देत. एक शब्द न बोलता. मला वाटायचं, माझा हट्ट पटला नाही म्हणून गप्प आहेत.

रस्त्यात पूजेच्या खरेदीची गर्दी सुरू झाली, तेव्हा एकदाची खपली पडली. रविवारी पानं घेताना मी यांना गळा दाखवला. ठिपका गेला होता, पांढरट वण तेवढा होता. हे चष्मा वर करून बघत राहिले. मग अगदी हळू म्हणाले,

"अगं, पण पुन्हा किरणं द्यायची वेळ आली, तर त्यांना जागा कशी सापडेल?"

म्हणजे पट्टी बदलताना रोज यांच्या मनात हे होतं. मला सारखं 'संपलं' म्हणून सांगणाऱ्या माणसानं स्वतः ते एकदाही मानलं नव्हतं. रागवायला हवं होतं, पण तेवढं बळ नव्हतं, आणि यांचे डोळे भरून आले होते. मला त्यांची फार दया आली.

"सापडेल हो त्यांना," मी म्हणाले.

बोलून गेल्यावर लक्षात आलं, 'पुन्हा वेळ कशाला येतेय' असं काही मी म्हटलंच नव्हतं. यांच्याही ते लक्षात आलं असावं, कारण त्यांनी मान खाली घातली. मी त्यांना भात वाढला.