घशाचं ऑपरेशन, पायाचं दुखणं

डॉक्टरला किस्से गोळा करावे लागत नाहीत, ते बिनाअपॉइंटमेंट येतात. त्यातून आमचा रामदासपेठेतला घशाचा दवाखाना! ऑपरेशननंतर पेशंटला बोलायची बंदी, आणि नातेवाइकांचं तोंड बंद करायचं औषध अजून निघालेलं नाही.

*

टॉन्सिल काढल्यावर आईस्क्रीम द्या, असं आम्ही सांगतो. सक्करदऱ्याच्या एका आजोबांनी नातवासाठी फॅमिली पॅक आणला. संध्याकाळी पाहतो तर नातू उपाशीच!

"त्याले गिळता नाही आलं, साहेब. वितळून राहिलं होतं, मंग म्याच संपवलं. माहा घसा एकदम मोकळा झाला!"

*

बबनराव संत्रा मंडीत लिलाव पुकारतात. पन्नाशीत टॉन्सिल काढले. बोलायचं नाही म्हणून आमच्या लतासिस्टरनं हाक मारायला ताट-चमचा दिला. तासाभरात तिनंच तो काढून घेतला.

"सर, हा माणूस ताटावरबी लिलाव करून राहिला!"

*

दुसऱ्या दिवशी सिस्टर त्यांना चालवायला गेली, तर त्यांच्या बायको शांताबाई आडव्या आल्या. "ऑपरेशन झालं न वं बाई! झोपू दे त्यायले."

त्यात गावाकडून येणारा प्रत्येक पाहुणा पायथ्याशी बसून मायेनं पाय चेपायचा. राउंडला गेलो तर डावी पोटरी सुजून लाल, आणि मेहुणे चेपतच होते.

"पाय सोडा!" मी ओरडलोच. "बबनराव, दुखते हे सांगितलं काहून नाही?"

उत्तर शांताबाईंनी दिलं. "तुमीच तं म्हणलं, तोंड उघडू नका!"

सोनोग्राफीत पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी निघाली, नुसतं पडून राहिल्यानं झालेली. घशाच्या ऑपरेशननंतर असं क्वचितच होतं, मी तर पहिल्यांदाच पाहत होतो. गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर माणूस जातो. रक्त पातळ करायचं औषध द्यावं, तर घशातली ताजी जखम वाहायची भीती. खरं सांगतो, पार घाबरलो होतो. फिजिशियनशी बोलून औषध सुरू केलं आणि त्यांच्या खाटेजवळच खुर्ची टाकली. शांताबाई देवाचं नाव घेत होत्या, मनातल्या मनात मीही. घशातून रक्त आलं नाही, दम लागला नाही. हळूहळू पोटरीची सूज उतरली आणि माझा जीव भांड्यात पडला.

*

पुढे दोघं संत्र्यांची पेटी घेऊन तपासणीला आले. सगळं छान होतं.

"साहेब, यायचे पाय अजून चेपाचे नाही न?" शांताबाईंनी विचारलं.

"अजिबात नाही."

"लग्न झाल्यापासून रोज चेपत होती मी." त्यांनी नवऱ्याकडे तिरकं पाहिलं. "पण यायनं माहे चेपले, तं चालते काय?"

"खुशाल!"

बबनरावांचा घसा ठणठणीत बरा झाला होता. तरी ते काही बोलले नाहीत!