आईला वाट सांगताना

आईच्या अस्थी घेऊन मी रायपूरहून दिल्लीमार्गे प्रयागला निघालो, तेव्हा आमचं राज्य नवीन होतं आणि दिल्लीला जाणारं जेटही लहानसंच होतं. मावशीने दारातच बजावलं, "वळणावळणावर सांगत जा तिले, कुठं पोचलो ते. नाही तं मागंच राहून जाईल ते."

रिक्षात ते सोपं होतं. पंडरी आली, विमानतळाजवळचं माना आलं, असं मी पुटपुटत राहिलो. विमानात मात्र शेजारच्या साहेबांची लाज वाटली. कलश मांडीवर धरून गप्प बसलो.

ढगांच्या वर पोचल्यावर विमान एकाएकी खाली गेलं, मग वर फेकलं गेलं. पट्टा पोटात रुतला. मागे कुणी रडू लागलं.

"भैया, डब्बा नीचे रखो, सिर फूटेगा किसी का!" साहेब ओरडले.

"आई आहे," मी मराठीतच म्हणालो.

त्यांनी कलशाकडे पाहिलं आणि आपलाही एक हात त्यावर दाबून धरला.

मी मोठ्याने म्हणालो, "आई, आपण आता..." आणि अडलो. कुठे पोचलो होतो, मलाच ठाऊक नव्हतं. खिडकीत नुसतं पांढरं होतं.

विमान सावरलं. प्रयागला सगळे विधी नीट झाले. तरी अजून विमान हललं, की मी हवाई सुंदरीला विचारतो, आत्ता खाली कोणतं गाव आहे. बहुतेक वेळा तिलाही सांगता येत नाही.