स्क्रीनवर नसलेली होडी

मोठागावच्या बंदरावर दौलतला सगळे तांडेल म्हणायचे. बोट हाकायला तो वडिलांकडून शिकला होता. किनाऱ्यावरचं देऊळ, विजेचा टॉवर, दुर्गाडी किल्ल्याचा बुरूज बघून पाण्याखालची वाट ओळखायची, ही त्यांची रीत. मासे कमी झाले तसा दौलत एका बार्जवर सुकाणूला लागला. खाडीत नव्या जेट्टी होत होत्या, त्यांच्यासाठी हा बार्ज दगड आणि लोखंड न्यायचा.

कंपनीने केबिनमध्ये चार्टचा डिस्प्ले बसवला. स्क्रीनवर अख्खी खाडी. खोल वाट पांढरी, उथळ पाणी निळं, ओहोटीला उघडा पडणारा गाळ हिरवा, आणि त्यातून सरकणारी आपली बोट. बाकीच्या जुन्या तांडेलांनी नाकं मुरडली. दौलत मात्र आठवड्याभरात त्यात तरबेज झाला. सुपरवायझर अनिश सगळ्यांना सांगायचा, "दौलतदादांकडे बघून शिका."

दौलतला मोतीबिंदू झाला होता, हे अनिशला माहीत नव्हतं. आधी टॉवर धूसर झाला, मग देऊळ, मग पलीकडचा काठच. सकाळच्या उन्हात तर समोर नुसता पांढरा झगमगाट. स्क्रीन मात्र हाताच्या अंतरावर होती, आणि बोटांनी हवी तेवढी मोठी करता यायची. डॉक्टरकडे गेलो तर सुकाणू जाईल, या भीतीने तो गप्प राहिला. बायकोला, सगुणालाही, त्याने काही सांगितलं नाही.

हिवाळ्यातल्या एका सकाळी बार्ज कल्याणच्या बाजूला निघाला होता. स्क्रीनवर वाट मोकळी होती. अचानक पुढे उभा असलेला खलाशी उत्तम ओरडला, "तांडेल, होडी! होडी हाय पुढं!"

दौलतने इंजिन मागे घेतलं, सुकाणू गरागरा फिरवलं. बार्ज होडीला घासून गेला. लाटेने होडी कलंडली आणि खेकडे धरायला आलेली म्हातारी मनुबाई पाण्यात पडली. उत्तमने उडी मारून तिला धरलं, दौलतने वरून हात दिला आणि दोघांनी मिळून तिला बार्जवर ओढलं.

मनुबाई गावातलीच. थोडं पाणी गेलं होतं पोटात, पण शुद्धीवर होती. चादर गुंडाळून ती केबिनमध्ये बसली, स्क्रीनकडे बघत राहिली. मग म्हणाली, "काय रे दौलत, तुझ्या या टीव्हीत मी नव्हते का?"

छोट्या होड्या त्यात दिसत नाहीत, एवढं म्हणून तो सुटला असता. खोटंही नव्हतं ते. तो तिच्यासमोर उकिडवा बसला.

"नव्हतीस, आत्या. पण माझ्या समोर होतीस ना. मना समोरचा दिसत नाय."

उत्तम दारात उभा राहून ऐकत होता. दौलतने तिथूनच अनिशला फोन लावला आणि सगळं सांगितलं. परतीला दुसरा तांडेल बोलावला गेला.

घरी सगुणा रडली नाही. "पानी दिलं तर गलास चाचपडायचास," ती म्हणाली. "मी वाट बघत होते, कधी सांगशील." तिच्या आवाजातला राग त्याला त्या दिवसाच्या धक्क्याहून जास्त लागला.

ऑपरेशनं झाली, एका डोळ्याचं आणि मग दुसऱ्याचं. मधल्या दिवसांत त्याने मनुबाईची होडी किनाऱ्यावर घेऊन फळ्या बदलल्या. ती शेजारी बसून चुका काढायची. तपासणी होऊन तो कामावर परतला, तेव्हा अनिशने एक अट घातली: वाटेत पुढे कायम एक माणूस नजर ठेवायला उभा राहील. दौलत म्हणाला, "मीच सांगणार होतो."

पहिल्या फेरीत त्याने डिस्प्ले चालू केला, वाट पाहून घेतली, आणि मान वर केली. काठावरचं प्रत्येक झुडूप सुटं दिसत होतं. गाळात बगळे उभे होते. पाण्यावर पिशव्या, थर्माकोल, काळा फेस तरंगत होता.

"उत्तम," तो म्हणाला, "पाणी एवढं घाण कधी झालं रे?"

"कधीचं हाय, तांडेल."

फेरीभर दौलत स्क्रीनपेक्षा पाण्याकडेच जास्त बघत होता.