ब्लँकेटच्या तुकड्याचं वजन

भूकंपानंतरच्या हिवाळ्यात मी निलंग्याकडच्या पत्र्याच्या शेडांमधून नवजात बाळांची वजनं करत फिरत होतो. नांदेडला डॉक्टरकीचं पुढचं शिक्षण चालू होतं. भूकंप सोसलेल्या गरोदर बायांच्या बाळांचं काय होतं, हा माझा विषय. ज्याचं वजन अडीच किलोखाली भरेल, त्याला जीपमधून लातूरच्या दवाखान्यात पोचवणं हेही माझंच काम होतं.

पाचवीच्या पूजेपर्यंत परक्यापुढं बाळ उघडं करायचं नाही, असा तिकडचा रिवाज. मी वाद घातला नाही. घातला असता तर एकही बाळ हाती लागलं नसतं. नांदेडहून निघताना जुन्या धोतराचा तुकडा तोलून शंभर ग्रॅम ठरवले होते. गुंडाळलेलं बाळ काट्याच्या झोळीत घालायचं, शंभर वजा करायचे, वहीत लिहायचं.

एका शेडमध्ये तीन दिवसांची मुलगी होती. तिच्या आईला सातव्या महिन्यात ढिगाऱ्याखालून काढलेलं. आजीनं बाळ झोळीत ठेवलं.

"डाक्टर, लेकरू लई हलकं लागायलंय हाताला."

काटा दोन किलो सातशेवर होता. "बरोबर आहे, मावशी. लातूरला न्यायची गरज नाही."

"तुमच्या काट्याहून माझा हात जुना हाय."

"मग हातावर आकडे गोंदवून घ्या," मी म्हणालो. शेडमधल्या बाया हसल्या. आजीही हसली.

पुढच्या आठवड्यात गेलो तेव्हा मुलगी दगावली होती. घडी घातलेला एक तुकडा आणून आजीनं माझ्या काट्याच्या झोळीत टाकला.

"आता ह्याचं करा."

मदतीत आलेलं जाड ब्लँकेट फाडून केलेला तुकडा होता तो. धोतरं, लुगडी ढिगाऱ्यातच राहिली होती. त्या थंडीत सगळीच बाळं ब्लँकेटात होती, आणि मी शंभर वजा करत होतो. काटा साडेचारशेवर थांबला; म्हणजे मुलगी सव्वादोन किलोचीच होती.

तो आकडा मी लिहिला नाही. त्या दिवसापासून आधी कापड मागून तोलू लागलो, पण मागच्या नोंदी तशाच ठेवल्या. बाळांची वजनं फारशी घटली नाहीत, असा निष्कर्ष एका वैद्यकीय मासिकात माझ्या लेखात छापून आला. सत्कार झाले. मी हार घालून घेतले.

दवाखाना मला पुढं झेपला नाही. आता लातूरला एका कोचिंगमध्ये जीवशास्त्र शिकवतो. बाहेरच्या फलकावर माझ्या नावाखाली 'नवजात आरोग्याचे संशोधक' असं लिहिलंय. परवा मुखेडकडच्या एका विद्यार्थिनीनं तो लेख शोधून आणला.

"सर, तिथं बाळाला उघडं करू देत होते? आमची आजी तर पाचवीआधी कुणाला बघूसुद्धा द्यायची न्हाई."

"नव्हते देत."

"मग कपड्याचं वजन?"

मी तिला सगळं सांगितलं. तिनं लेखातल्या तक्त्यावर बोट ठेवलं.

"मग तुम्ही कळवलं का त्यांना?"

त्याच दुपारी मासिकाला पत्र लिहिलं. पहिल्या ओळीत साडेचारशे ग्रॅम. त्यांच्या तक्त्यात ती मुलगी अजून धडधाकट बाळांत मोजलेली आहे. कोचिंगच्या संचालकांना फलक उतरवायला सांगितलं, तर म्हणाले, "ॲडमिशनं होऊ द्या की, सर."

पत्र गेलं. त्या मुलीच्या घरी सांगायला निलंग्याच्या एसटीत बसायचं मात्र अजून झालेलं नाही.