दुधातून द्यायला हवं होतं

रहस्यकादंबऱ्यांचं वेड आम्हा दोघी जावांना सारखंच. पुस्तक आधी थोरली वाचणार, मग मी, आणि माझं संपेपर्यंत तिनं चकार शब्द काढायचा नाही असा करार होता. तो ती कसाबसा पाळायची. मग मात्र वाडीत चिकूचा ढीग निवडायला बसलो की आम्हाला आवर नसे. हात चिकाने बरबटलेले, त्यामुळे पुस्तक तिथे कधी आलंच नाही. यायची ती आमची मतं. थोरलीला पात्रांची नावं आठवत नाहीत. ती सरळ सासू, मुलगा, सून म्हणायची आणि वाद घालता घालता मलाही तीच सवय लागली.

२०१६ साली डहाणूच्या वाचनालयातून एक जाडजूड कादंबरी आणली होती. सासू आणि मुलगा मिळून सुनेला थोडं थोडं विष देतात, अशी गोष्ट. थोरलीला शेवट अजिबात पटला नव्हता.

"मुलानं घाई केली," मोठे चिकू बाजूला काढत ती म्हणाली. "आणखी थोडं थांबला असता तर संशय कोणाला आला असता?"

"आणि चहातून कशाला?" मी म्हटलं. "दुधातून द्यायला हवं होतं. रोजचंच दूध, सुनेच्या मनातही आलं नसतं."

"माहेरच्यांना काय सांगायचं?"

"अशक्त होती म्हणायचं."

आमच्या पलीकडे गंजाड गावची एक बाई निवडायला बसायची. कित्येक वर्षं आमच्याकडे कामाला येत होती, पण आमच्या गप्पांत कधी पडली नाही. ती ऐकत असेल हे माझ्या गावीही नव्हतं.

त्याच वर्षी माझ्या घरात सून आली होती. उंबरगावची, गुजराती शाळेत शिकलेली. मराठी समजायचं, वाचायचा कंटाळा. अंगानं किरकोळ, म्हणून मी रोज संध्याकाळी तिला दुधात शतावरी घालून द्यायचे. तिला ते आवडत नसे. मी समोर उभी राहून ग्लास रिकामा करून घ्यायचे.

त्या गप्पांच्या दुसऱ्या दिवशी जेवायला हाक मारली तर सून घरात नाही. चपला नाहीत, फोन मात्र खाटेवर. वाडीतल्या एका मजुराने सांगितलं, ती गंजाडच्या बाईबरोबर रिक्षात बसली. मुलगा वापीला कामावर गेलेला. थोरलीला घेऊन मी तशीच निघाले.

गंजाडला त्या बाईच्या अंगणात सून कोरा चहा पीत बसली होती. मला पाहिलं आणि उठून बाईच्या मागे सरकली. माझ्या तोंडाला घाबरणारे पुष्कळ आहेत, त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. हे निराळं होतं. पोरगी जिवाच्या भीतीने लपत होती.

"तिला काय बोलू नको, बाय," ती बाई म्हणाली. "मीच आणली तिला. उद्या बापाकडं पोचवणार हाय."

"अगं, पण झालं काय?"

"तुमी दोघी बोलत व्हत्या. दुधातून द्यायचा, घाई नाय करायची. मी माझ्या कानांनी आयकलाय."

थोरलीला आधी हसू फुटलं, मग सुनेचा चेहरा बघून तिनं तोंडाला पदर लावला. पुस्तकातलं बोलत होतो हे पटवायला तिला अख्खी कादंबरी सांगावी लागली. बाईनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"मग त्या पोरीला न्यायला कोन आला?"

"कोणी नाही."

"गावात बाया नव्हत्या?"



मी सुनेला विचारलं, "नवऱ्याला फोन का नाही केलास?"

"यांनी सांगितलं, तेही त्यात आहेत."

"आणि तू खरं मानलंस?"

"मला वाटलं, असेल."

एवढंच म्हणाली. माझ्या हातचं रोज जेवणाऱ्या मुलीला माझ्याबद्दल असं वाटू शकतं, याचा धक्का मला अजून पचलेला नाही.

ती आमच्याबरोबर परत आली. थोरलीनं पुस्तक तिच्या हातात दिलं आणि तिनं एक एक अक्षर लावत विषाचं ते पान वाचलं. संध्याकाळी मी नेहमीसारखं दूध केलं. तिनं ग्लासकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी अर्धा ग्लास प्यायले आणि उरलेला पुढे केला. तेव्हा तिनं घेतला.

पावसाळा सरेपर्यंत आमचं असंच चाललं. एका संध्याकाळी मला वाडीतून यायला उशीर झाला. आले तर ग्लास धुऊन पालथा ठेवलेला होता.

"दूध?" मी विचारलं.

"मीच करून प्यायले," ती म्हणाली. "शतावरी घालून."

शतावरीचा डबा फडताळात नेहमीच्या जागी नव्हता. तिनं तो आपल्या खोलीत नेऊन ठेवला होता.