मनालीच्या बर्फावर काला खट्टा

जतच्या स्टँडवर बेंगलोरची गाडी लागली, तेव्हा मी सोडायला आलेल्या पोरांना हेडमास्तरांची नक्कल करून दाखवत होतो. रडू येऊ नये म्हणून. आप्पा बर्फाच्या गोळ्याची गाडी तशीच सोडून आले होते. माझ्या मानेवर गार हात ठेवून म्हणाले, "तिकडं ओळख सांगायला लाजू नको."

लाजलोच. कोरमंगलाच्या पीजीत रूममेट निखिलनं, नागपूरचा तो, वडील काय करतात विचारलं, तर मी म्हणालो, फ्रोझन डेझर्टचा बिझनेस. नकला मी सगळ्यांच्या करायचो, मॅनेजरची, ऑटोवाल्या अण्णांची. आप्पांची गोळे विकायची हाक तेवढी कधी तोंडातून काढली नाही.

तीन वर्षांनी, यंदाच्या डिसेंबरात, आप्पांना मनालीला नेलं. थंडीत त्यांचा धंदा बंदच असतो. जन्मभर लाद्या फोडल्या, पण आभाळातून पडणारा बर्फ काही बघितला नव्हता. निखिलही मागं लागून आला. माझी आतून टरकलेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी हॉटेलचं दार उघडलं. छपरं, देवदार, कालची आमची टॅक्सी, सगळं पांढरं. वरून अजून भुरभुरत होतं, आणि आवाज म्हणून नाही. आप्पांनी अंगणात जाऊन चिमूटभर बर्फ उचलला, बोटांत चोळून बघितला.

"माझ्या रंध्याला एवढा बारीक किस कधी पडला नाही," म्हणाले.

मग आत जाऊन बॅगेतनं टॉवेलात गुंडाळलेली काला खट्ट्याची बाटली आणि काड्यांचा जुडगा घेऊन आले. वरवरचा ताजा बर्फ घेऊन गोळा दाबायला लागले.

निखिल माझ्याकडं बघत म्हणाला, "काऊन बे, हाच का तुझा फ्रोझन डेझर्ट?"

आप्पांचे हात थांबले. मान वर केली नाही त्यांनी. सगळं कळलं होतं त्यांना.

मी छाती भरून हवा घेतली आणि ओरडलो, "एऽ गोळाऽ, थंडगाऽर गोळाऽ!"

अख्खं हॉटेल बाहेर आलं. कानटोप्या घातलेली माणसं कुडकुडत रांगेत उभी. निखिलनं चार खाल्ले, जीभ जांभळी. बाटली संपली तेव्हा आप्पा एवढंच म्हणाले, "हाकेचा शेवट अजून लांबव."

ती बाटली आता पीजीच्या खिडकीत आहे. रोज सकाळी तिथं हाकेची प्रॅक्टिस करतो. स्वयंपाकाच्या अक्का खालनं "स्वल्प हळू" म्हणून दटावतात. उन्हाळ्यात आप्पांच्या गाडीवर उभं राहायला आठ दिवसांची लिव्ह टाकलीय. जतकरांनो, दुपारी पडल्या पडल्या हाक ऐकू आली की सांगायचं, आप्पा का मी. ओळखलंत तर गोळा फुकट. नाही ओळखलंत, तर मी घरी पोचलो.